प्रिंट निघतंय पण स्कॅन होईना: नेटवर्कवरच्या ऑल-इन-वन मशीनचा ओपन सोर्स ड्रायव्हर कसा लिहायचा

औशात माझ्या चुलतभावाचं, आप्पाचं, ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, पोरांच्या स्कॉलरशिपा, सगळं तिथंच चालतं. त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज रांगायला लागलं म्हणून मी लिनक्स मिंट टाकून दिलं आन् दुसऱ्याच दिवशी सकाळी फोन, "आरं प्रिंट निघायलंय पण स्कॅनच होईना, बाहेर दहा माणसं उभी हायेत, मी काय करू?" मशीन मोठं, वरच्या फीडरमधून कागद ओढणारं, लॅनच्या वायरीनं राउटरला जोडलेलं. कंपनीच्या साईटवर लिनक्सच्या नावाखाली एक ३२ बिटची जुनाट फाईल होती, ती पण नुसती प्रिंटपुरती. कंपनीचं नाव राहू द्या. तिथून पुढं कितीतरी रात्री बसून शेवटी ड्रायव्हर झाला, तो कसा केला ते सांगतो. सी भाषा जुजबी येत असेल आणि टर्मिनलला भीत नसाल तर जमतंय. कमांड आणि फंक्शनची नावं मी इथं देवनागरीत लिहिलीत, टाईप करताना अर्थात मूळ स्पेलिंगनंच टाकायची.

सगळ्यात आधी हे बघा की ड्रायव्हर लिहायची खरंच गरज आहे का, बऱ्याचदा नसते. अलीकडची कितीतरी वायफायवाली मशीनं ईएससीएल नावाची भाषा बोलतात, ॲपलवाले हिलाच एअरस्कॅन म्हणतात. आत बघायला गेलं तर साधं एचटीटीपी आणि एक्सएमएल. ब्राउझरमध्ये मशीनचा आयपी पत्ता, त्यापुढं स्लॅश ईएससीएल, स्लॅश स्कॅनरकेपॅबिलिटीज असं टाका (ईएससीएलमधला ई लहान लिपीतला, बाकीची अक्षरं मोठी, इथंच लोक चुकतात आणि मशीनला नावं ठेवतात). एक्सएमएलची लांबलचक यादी दिसली की नशीब काढलं तुम्ही. सेन-एअरस्कॅन नावाचं पॅकेज आहे, डेबियन-उबुंटूच्या रिपॉझिटरीतच मिळतं, ते टाका आणि झोपा निवांत. हेच पॅकेज मायक्रोसॉफ्टची डब्ल्यूएसडी पद्धत पण बोलतं, म्हणजे ईएससीएल नसलं तरी एक चान्स अजून उरतोच.

तिथं पण काही दिसलं नाही तर एनमॅप नावाच्या प्रोग्रामनं मशीनचे उघडे पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरचे नंबर दिलेले दरवाजे, बघा. ९१०० बहुतेक सगळीकडं उघडा दिसेल, तो प्रिंटचा, त्यात आपलं काही नाही. १८६५ दिसला तर एप्सनची स्कॅनची भाषा, ५४९२१ म्हणजे ब्रदर, ९४०० म्हणजे सॅमसंगच्या जातीचं मशीन असायची शक्यता, आणि कॅननची बीजेएनपी भाषा यूडीपी या वेगळ्या पद्धतीच्या ८६१२ पोर्टवर बसते, त्यामुळं एनमॅपनं नुसते टीसीपीचे पोर्ट तपासले तर ती दिसतच नाही. यातल्या बऱ्याच भाषांसाठी सेन या लिनक्सवर स्कॅनर चालवणाऱ्या ओपन सोर्स प्रकल्पात आधीच काम झालेलं आहे. आणि एकाच इंजिनावर दोन-तीन कंपन्या आपापलं झाकण बसवून मशीन विकतात, हे विसरू नका. कधीकधी आधीच्या ड्रायव्हरच्या कॉन्फिग फाईलमध्ये टीसीपी आणि आयपी पत्ता अशी एक ओळ टाकली की काम होऊन जातं. आप्पाच्या नशिबात तेवढं सोपं नव्हतं.

आता लोक विचारतात, हे असं मशीनचं बोलणं ऐकून ड्रायव्हर लिहिणं कायद्यात बसतं का. मी वकील नाही, पण १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा काढून कलम ५२(१)(एबी) वाचा. कायदेशीरपणे तुमच्याकडं असलेल्या प्रोग्रामशी दुसरा, स्वतंत्रपणे लिहिलेला प्रोग्राम जुळावा म्हणून लागणारी माहिती काढायला तिथं मुभा आहे, अट एवढीच की ती माहिती दुसरीकडं सहज मिळत नसावी. मी तरी कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरची डीएलएल फाईल फोडून आतला कोड वाचायच्या भानगडीत पडलो नाही, वायरीवरून जे जातं तेवढंच बघितलं. त्यानं डोकं पण स्वच्छ राहतं आणि उद्या कोणी विचारलं तर सांगायला तोंड राहतं.

वायर ऐकायची कशी, तर इथं मी पहिले चार दिवस वाया घातले. घरचा लॅपटॉप त्याच वायफायवर ठेवला, वायरशार्क (नेटवर्कवरचं बोलणं पकडून दाखवणारा प्रोग्राम) चालू केलं आणि आप्पाला विंडोजवाल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून स्कॅन करायला लावलं. काहीच दिसंना. दिसणार कसं, राउटरमधला स्विच ज्याचं पॅकेट त्यालाच देतो, शेजाऱ्याला नाही. उपाय सोपा आहे, लिनक्सवरच व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या खोट्या कॉम्प्युटरमध्ये, विंडोज टाका, नेटवर्क ब्रिज्ड ठेवा, त्यात कंपनीचा ड्रायव्हर बसवा आणि वायरशार्क बाहेर लिनक्सवर चालवा. फिल्टरमध्ये मशीनचा आयपी टाकला की तेवढंच बोलणं राहतं.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. कॅप्चर करताना, म्हणजे हे बोलणं पकडून फाईलमध्ये ठेवताना, गिऱ्हाईकाचा कागद काचेवर ठेवू नका. त्या कॅप्चर फाईलमध्ये स्कॅन झालेलं चित्र जसंच्या तसं असतं, मदत मागताना तीच फाईल तुम्ही चारचौघात टाकणार आणि कोणाचं तरी आधार कार्ड जगभर फिरणार. मी एक चाचणीचा कागद प्रिंट करून ठेवलेला, डावीकडं काळा पट्टा, उजवीकडं लाल, हिरवा, निळा असे ठोकळे, वर एक मोठा बाण. पुढं चित्र वाकडंतिकडं येतं तेव्हा हाच कागद कामाला येतो.

आता खरं काम. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मोडला की मेलात. ३०० डीपीआय ग्रे स्कॅन करा, फाईल सेव्ह करा, मग बाकी सगळं तसंच ठेवून ६०० करा, परत सेव्ह. दोन्ही फाईली शेजारी ठेवून कुठले बाईट बदलले ते बघा. ३०० म्हणजे हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) ०१ २सी, ६०० म्हणजे ०२ ५८. मोठा बाईट आधी आला तर बिग एंडियन, उलटा म्हणजे २सी ०१ असा आला तर लिटल एंडियन. ए४ कागद ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतो, म्हणजे ०९ बी० आणि ०डी बी४ हे आकडे कुठंतरी दिसलेच पाहिजेत. आमच्या मशीनमध्ये ते दिसंनात, दोन रात्री त्यातच गेल्या. शेवटी कळलं की मशीन मापं त्या डीपीआयच्या पिक्सेलमध्ये घेतच नाही, कुठल्याही डीपीआयला एका इंचाचे १२०० भाग धरून पाठवायला लागतं. असं काही अडलं तर कागदाचा आकार अर्धा करून बघा, जो आकडा अर्धा होतो तोच तुमचा.

फाईलींना नावं नीट द्या. ग्रे-३००-ए४-काच, रंगीत-३००-ए४-फीडर अशी. माझ्याकडं टेस्ट१, टेस्ट२, टेस्टफायनल, टेस्टफायनलखरं अशा फाईली होत्या, त्या सगळ्या परत कराव्या लागल्या. सोबत एक साधी वही ठेवा आणि त्यात मशीनचा फर्मवेअर नंबर पण लिहून ठेवा, अपडेट झाल्यावर वागणूक बदलली तर निदान कशामुळं ते कळेल.

बोलण्याचा साचा बहुतेक मशीनमध्ये सारखाच असतो. आधी नमस्कार-चमत्कार, मग मशीन ताब्यात घेतो म्हणून सांगणं, मग सेटिंग, मग सुरू कर, मग डेटाचे गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्याच्या डोक्यावर लांबी, आणि शेवटी मशीन सोडून देणं. शेवटचं विसरलं की मशीनच्या पडद्यावर बिझी लागून राहतं आणि आप्पा बटण बंद-चालू करत बसतो. डेटामध्ये एफएफ डी८ दिसलं तर ते जेपेग आहे, शेवट एफएफ डी९ ला होतो. नेटवर्कवाली मशीनं जेपेग पाठवतात याला कारण पण आहे, ए४ रंगीत ३०० डीपीआयला कच्चा डेटा २,६०,९९,५२० बाईट होतो, म्हणजे पानाला २६ एमबी, आणि आपल्याकडच्या राउटरवर तेवढं ढकलायचं म्हणजे बैलगाडीनं वाळू नेण्यातला प्रकार.

एवढं कळलं की लगेच सेनचा कोड लिहायला बसू नका. माझं मत ठाम आहे, आधी पायथनमध्ये दीडशे-दोनशे ओळींची एक साधी स्क्रिप्ट लिहा, जी मशीनला जोडते, एक पान ओढते आणि फाईलमध्ये टाकते. सी मध्ये एक चूक शोधायला तास जातो, पायथनमध्ये पाच मिनिटं. इथंच एक सापळा आहे. वायरशार्कमध्ये एक पॅकेट म्हणजे एक निरोप असं दिसतं आणि आपण तसंच धरून चालतो, पण टीसीपीला निरोप-बिरोप काही कळत नाही, ती नुसती बाईटची धार. आठ बाईटचं हेडर कधी आठ येईल, कधी तीन आणि मग पाच. म्हणून हवे तेवढे बाईट हातात येईपर्यंत वाचत राहणारं एक छोटं फंक्शन पहिल्या दिवशीच लिहा. घरी सगळं बरोबर चाललं आणि केंद्रावर दर तिसऱ्या पानाला अडकलं, ते यामुळंच.

आता सेन. ही लिनक्सवर स्कॅनरची ठरलेली पद्धत आहे, वर सिंपल-स्कॅन किंवा एक्ससेन असतं, खाली तुमचा बॅकएंड (सेनमध्ये ड्रायव्हरला हेच म्हणतात), आणि मधे डीएलएल नावाचा एक बॅकएंड असतो जो एटीसी मधल्या सेन डॉट डी फोल्डरातली यादी वाचून बाकीच्यांना उठवतो. तुमच्या बॅकएंडचं नाव त्या यादीत नसेल तर कोड कितीही भारी असू द्या, कोणी विचारणार नाही. लिहायची फंक्शनं मोजकीच आहेत. सेन_इनिट, सेन_गेट_डिव्हायसेस, सेन_ओपन, ऑप्शनची दोन, सेन_गेट_पॅरामीटर्स, सेन_स्टार्ट, सेन_रीड, सेन_कॅन्सल, सेन_क्लोज, सेन_एक्झिट आणि अजून दोन किरकोळ. गिटलॅबवरून सेन-बॅकएंड्स उतरवा, टेस्ट नावाचा एक खोटा स्कॅनरचा बॅकएंड त्यात आहे तो वाचा, मग टीसीपी वापरणारा एखादा छोटा बॅकएंड वाचा. सॉकेट उघडणं, लिहिणं, वाचणं यासाठी सेनीआय_टीसीपी नावाची तयार फंक्शनं आहेत, स्वतःचं चाक घडवत बसू नका. कॉन्फिगर चालवताना बॅकएंड्स, पुढं इज-इक्वल-टूचं चिन्ह आणि तुमचंच एक नाव दिलं की तेवढंच कंपाईल होतं, नाहीतर जुन्या कॉम्प्युटरवर प्रत्येक वेळी चहा पिऊन यावं लागतं.

ऑप्शनमध्ये शून्य नंबरचा ऑप्शन म्हणजे एकूण ऑप्शन किती, हे ठरलेलं आहे. मोड, रेझोल्यूशन, सोर्स आणि कागदाच्या कोपऱ्यांची चार मापं यांना सेनची ठरलेली नावंच द्या, मनाची दिलीत तर सिंपल-स्कॅनला कळणारच नाहीत. ही मापं मिलिमीटरमध्ये असतात आणि सेन_फिक्स्ड या प्रकारात, म्हणजे १ साठी ६५५३६. मी सुरवातीला सरळ २१० टाकलं होतं, तर स्कॅनची रुंदी मिलिमीटरच्या तीनशेव्या भागाएवढी. आणि एक ऑप्शन बदलल्यानं दुसरे बदलत असतील, जसं फीडर निवडला की कागदाची लांबी वाढते, तर रीलोडचा झेंडा (फ्लॅग) परत द्यायचा, नाहीतर पडद्यावर जुनंच दिसत राहतं.

पहिलं चित्र सरळ येणार नाही, हे आधीच धरून चला. तिरपं, पायऱ्यापायऱ्यानं सरकत गेलेलं आलं तर एका ओळीचे बाईट चुकलेत. रंगीत २४८० पिक्सेलला ७४४० बाईट हवेत, पण काही मशीनं ओळ पूर्ण करायला शेवटी फालतू बाईट चिकटवतात, ते काढून टाकायचे. एका चित्राऐवजी शेजारी शेजारी तीन बारकी करडी चित्रं दिसली तर मशीन आधी पूर्ण ओळ लाल, मग हिरवी, मग निळी पाठवतंय, सेनला मात्र प्रत्येक पिक्सेलचे तिन्ही रंग एकत्र हवेत. लाल ठोकळा निळा दिसला तर क्रम उलटा. काळ्या-पांढऱ्या एक बिटमध्ये सेनचा नियम १ म्हणजे काळा असा आहे, ग्रेमध्ये मोठा आकडा म्हणजे पांढरा, त्यामुळं पहिल्यांदा जवळजवळ सगळ्यांचा कागद निगेटिव्हसारखा येतो. माझा पण आला, आप्पा म्हणला एक्स-रे काढायचं मशीन झालं बघ.

जेपेग असेल तर अजून एक. सेन_गेट_पॅरामीटर्सला तुम्ही मागितलेली रुंदी-लांबी देऊ नका, सुरू केल्यावर जेपेगचं हेडर वाचा आणि त्यात जे खरं आहे ते द्या. मशीन आपल्या सोयीनं आकडा कमी-जास्त करतं. फीडरमध्ये कागद किती लांब निघेल हे मशीनला पण आधी माहीत नसतं, तिथं ओळींची संख्या उणे १ द्यायची सोय सेनमध्ये आहे. फीडर रिकामा झाला की नो_डॉक्स परत द्यायचं, अडकला तर जॅम्ड, झाकण उघडं तर कव्हर_ओपन. सगळ्याला एकच आयओ एररचा शिक्का मारला तर वापरणाऱ्याला काय कळणार, तो तुम्हालाच फोन करणार.

सेन_कॅन्सल कधीही, अगदी सिग्नल हँडलरमधून पण बोलावलं जाऊ शकतं, म्हणून त्यात फक्त एक झेंडा उभा करा आणि खरी आवराआवर सेन_रीडमध्ये करा. मशीनला थांब म्हणा, वाटेत असलेला डेटा वाचून फेकून द्या, मग सोडा. हे नीट केलं नाही तर पुढच्या स्कॅनच्या सुरवातीला मागच्या पानाची शेपटी येते. दाखल्यावर दुसऱ्याच माणसाचा अंगठा आलेला दिसला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

आणि लाईट. ही चाचणी आपल्याकडं आपोआप होते. केंद्रात मशीन आणि कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर, राउटर मात्र साध्या बोर्डावर. स्कॅन अर्ध्यात असताना लाईट गेली की राउटर मरतो, मशीन जिवंत, आणि तुमचा ड्रायव्हर रीडमध्ये अडकून कायमचा वाट बघत बसतो, कारण सॉकेटला कोणी मेल्याचं सांगितलेलंच नसतं. म्हणून प्रत्येक वाचण्यावर टाइमआउट लावा. किती सेकंद हे मोजून ठरवा, दिवा गरम होईपर्यंत पहिल्या ओळीला वेळ लागतो, मी पहिल्या उत्तराला ३० आणि मधल्या डेटाला १० सेकंद ठेवले. लाईट परत आली की राउटर कधीकधी मशीनला वेगळाच आयपी देतो, तेव्हा राउटरमध्ये मशीनचा मॅक पत्ता टाकून आयपी पक्का करून घ्या, ड्रायव्हरमध्ये त्यावर हुशारी करत बसण्यात अर्थ नाही.

नेटवर्कवर मशीन आपोआप शोधायची हौस असेल तर शेवटी करा. ब्रॉडकास्ट टाकला तर उत्तर दुसऱ्याच पत्त्यावरून येतं आणि फायरवॉल ते गिळतो, मग आपल्याला वाटतं कोड चुकला. शिवाय सेन_गेट_डिव्हायसेसनं प्रत्येक वेळी पाच सेकंद खाल्ले तर सगळ्यांचाच स्कॅनचा प्रोग्राम उशिरा उघडतो, यूएसबी स्कॅनर वापरणाऱ्याचा पण. कॉन्फिगमध्ये सांगितलं तरच शोधा, आणि एखाद्या सेकंदात आटोपा.

अडलं की सेन_डीबग, पुढं तुमच्या बॅकएंडचं नाव, असं व्हेरिएबल लावून स्कॅनइमेज (सेनचा टर्मिनलवरचा स्कॅनचा प्रोग्राम) चालवा, तुमच्या डीबगच्या ओळी दिसतात. स्कॅनइमेजला उणे मोठा टी दिला की तो बॅकएंडला जरा रगडून बघतो, कधी एक बाईट माग, कधी जास्त माग असं. फीडरसाठी बॅच लावून वीस-पंचवीस पानं ओढा, आणि सोबत व्हॅलग्राइंड हा मेमरीची गळती शोधणारा प्रोग्राम चालवा, पानामागं २६ एमबी गळत असतील तर दोन तासांत कॉम्प्युटर आडवा.

प्रकल्पाला पाठवताना नुसती सी फाईल पुरत नाही. कॉन्फिगचा नमुना, मॅन पेज, डिस्क्रिप्शनची फाईल, मेकफाईलमधली भर, हे सगळं लागतं. लायसन जीपीएल, आवृत्ती २ किंवा पुढची, बहुतेक जुन्या बॅकएंडला वर सेनची एक खास सूट जोडलेली असते ती पण बघून घ्या. डिस्क्रिप्शनमध्ये जे मॉडेल स्वतः चालवून बघितलंय तेवढंच गुड किंवा कम्प्लीट लिहा, त्याच मालिकेतली बाकीची अनटेस्टेड. मी मोठेपणानं पाच मॉडेल टाकली होती, त्यातली चार तपासणाऱ्यानं परत काढायला लावली. बरोबरच होतं त्याचं. विलीन व्हायला वेळ लागतो, तोवर यूएसआर लोकलमध्ये टाकून चालवा, फक्त सेन-बॅकएंड्सचं पॅकेज अपडेट झालं की यादीतली तुमची ओळ जागेवर आहे ना ते बघा. आप्पाकडं ती एकदा गेली होती, पीक विम्याच्या शेवटच्या दिवसात, आणि फोन सकाळी सहाला आला.